हायड्रोपोनिक चाऱ्यावर पुन्हा पुन्हा येणारी बुरशी: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

मातीविना, ट्रेमध्ये मका उगवून सात-आठ दिवसांत गुरांना हिरवा चारा देण्याची पद्धत गोव्यात आता नवी राहिलेली नाही. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून काही दूध सोसायट्यांकडे यंत्रे आली, जुने गोवे येथील संशोधन संस्थेत मक्याच्या चाऱ्याचा अभ्यास झाला, आणि त्यांचे पाहून फोंडा, धारबांदोडा, सत्तरी, सांगे या भागांतील अनेक शेतकऱ्यांनी मांगरात (शेतघरात) किंवा शेडनेटखाली स्वतःच्या छोट्या मांडण्या उभ्या केल्या. अशा मांडण्या उभारण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो. मिरग (मृग नक्षत्र) लागला की येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ट्रेला बुरशी धरते, ती काढून टाकली तरी पुढच्या फेरीत पुन्हा येते.

या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून बहुतेकजण सर्वांत महागडी वस्तू विकत घेतात. कोणी एसी बसवतो, कोणी बुरशीनाशक आणतो, कोणी सगळे ट्रे बदलतो. माझा अनुभव असा, की बुरशी बहुधा दाण्याबरोबरच आत येते आणि न रुजलेल्या, मेलेल्या दाण्यावर वाढते. पाणी, हवा आणि उष्णता यांवर फक्त ती किती वेगाने पसरेल हे ठरते. म्हणून तपासणी दाण्यापासून सुरू करावी आणि पैसे मागणाऱ्या गोष्टी शेवटी ठेवाव्यात. पुढील क्रम मक्यासाठी आणि लहान, घरगुती मांडणीसाठी आहे.

लक्षणे

पहिली सूचना वासाची असते. चांगल्या ट्रेला चौथ्या दिवशी कोवळ्या कणसाचा, किंचित गोडसर वास येतो. बिघडत असलेल्या ट्रेला आंबलेल्या पेजेसारखा वास येऊ लागतो आणि नंतर तो कुबट होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्यादाण्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात, आणि दाणा चिमटीत दाबल्यास बुळबुळीत लागून आतून पिठाळ पाणी येते. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तंतूंना रंग येतो: राखाडी तंतूंवर काळे टिपके, निळसर हिरवी भुकटी, पिवळट हिरवे डाग किंवा गुलाबी छटा. मुळांचा गालिचा पांढरा न राहता तपकिरी होतो आणि उचलताना तुटतो. कोंब सर्वत्र सारखे न येता ठिकठिकाणी टक्कल पडते. गालिच्याखाली हात घातल्यास हवेपेक्षा स्पष्टपणे गरम लागते. शेवटचे लक्षण गोठ्यात दिसते: गाय चारा हुंगते आणि तोंड फिरवते. त्या वेळी गायीला हट्टी म्हणू नये.

तपासणीआधी एक गोष्ट

बुरशी दिसलेला ट्रे कोणत्याही जनावराला घालू नये. वरचा डाग कापून उरलेला चारा घालणे, पाण्याने धुऊन घालणे, दुभत्या गायीऐवजी भाकड गायीला, शेळीला किंवा कोंबड्यांना घालणे, या सर्व सवयी मी पाहिल्या आहेत आणि त्या सर्व धोक्याच्या आहेत. दिसणारा रंग हा बुरशीचा पिकलेला भाग असतो; तिचे तंतू त्याआधीच संपूर्ण गालिच्यात पसरलेले असतात, आणि विष तयार झालेले असेल तर ते धुण्याने जात नाही.

यातील दोन धोके प्रत्येक दूध उत्पादकाला माहीत असायला हवेत. आस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. गायीने ते खाल्ले की त्याचे एक रूप, अफ्लाटॉक्सिन एम १, दुधात उतरते आणि दूध उकळल्याने ते नष्ट होत नाही. अन्नसुरक्षा नियमांनुसार दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. दुसरी बुरशी आस्परजिलस क्लॅव्हॅटस. ही मोड आलेल्या धान्यावर विशेष वाढते, आणि असे धान्य खाल्लेल्या गुरांना अंग थरथरणे, मागचे पाय लटपटणे, चालताना खूर दुमडणे आणि थोडे चालवले तरी कोसळणे असा मज्जासंस्थेचा आजार झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. एकदा आजार बळावला की जनावर बरे होण्याची आशा कमी असते. एका ट्रेमागे वाया जाणारा दीड-दोन किलो मका या जोखमीपुढे काहीच नाही.

खराब ट्रे शेडमध्ये झटकू नये, कारण त्यातून उडणारी भुकटी शेजारच्या ट्रेवर बसते. तो ओला करावा, प्लास्टिकच्या पोत्यात घालून बाहेर न्यावा आणि गुरे, कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुरावा. नाकातोंडावर मास्क असावा. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

खरोखर बुरशीच आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. मक्याच्या कोवळ्या मुळांना अतिशय बारीक, पांढरी केसाळ मुळे फुटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती हुबेहूब बुरशीसारखी दिसतात. नवख्या शेतकऱ्यांनी चांगले ट्रे उकिरड्यावर टाकलेले मी पाहिले आहेत. फरक ओळखण्यासाठी त्या जागी झारीने हलके पाणी घालावे. केसाळ मुळे ओली होताच मुळाला चिकटून दिसेनाशी होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उभी राहतात. ती नेहमी मुळाभोवतीच असतात आणि सर्वत्र सारखी दिसतात. बुरशीचे तंतू एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर जातात, पाणी घातल्यावर चोथ्यासारखे गोळा होतात, आणि बहुधा मोड न आलेल्या दाण्यापासून सुरू होतात. शंका राहिल्यास वास घ्यावा.

डाग कुठे आहेत ते आधी टिपून घ्यावे

पुढे कोणतीही वस्तू हलवण्याआधी, कोणत्या ट्रेवर, कोणत्या फळीवर आणि ट्रेच्या कोणत्या भागात डाग आहेत याचा एक साधा नकाशा वहीत काढावा. एका पोत्यातील मक्याच्याच सर्व ट्रेंना बुरशी असेल आणि दुसऱ्या पोत्यातील ट्रे स्वच्छ असतील, तर दोष दाण्यात आहे. प्रत्येक ट्रेच्या एकाच कोपऱ्यात डाग असतील, तर तिथे पाणी साचते. फक्त वरच्या फळीवर असतील तर छपराची उष्णता, आणि फक्त खालच्या फळ्यांवर असतील तर वरच्या ट्रेमधून ठिबकणारे घाण पाणी हे कारण समजावे. भिंतीकडच्या रांगेत असतील, तर चिऱ्याची ओली भिंत आणि तिथे न फिरणारी हवा संशयास्पद ठरते. ट्रेच्या मध्यभागी गोल डाग असतील, तर दाण्याचा थर तिथे जाड पडला आहे किंवा त्या जागी फॉगरचा, म्हणजे धुक्यासारखे बारीक पाणी उडवणाऱ्या नोझलचा, फवारा पोहोचत नाही. शेवटची गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. पण पाणी कमी पडूनही बुरशी येते, कारण तहानलेला दाणा अर्धवट मोड येऊन मरतो आणि मेलेला दाणा बुरशीचे अन्न होतो.

पोत्यांवर खडूने खूण करून कोणत्या तारखेच्या ट्रेत कोणते पोते गेले हे लिहून ठेवण्याची सवय नसेल, तर ती आजच लावावी. त्याविना पुढचे निदान अंदाजाने करावे लागते.

दाणा

बहुतेक तक्रारी इथे संपतात, म्हणून या तपासणीला घाई करू नये.

गोव्यात मका फारसा पिकत नाही. आपल्याकडचा बराचसा मका कर्नाटकातून घाट उतरून येतो आणि तो मुख्यतः कोंबडी-खाद्यासाठी आणलेला असतो. खाद्यासाठी दाणा रुजलाच पाहिजे अशी अट नसते. यंत्राने मळताना फुटलेला, फार गरम हवेने वाळवलेला, किडीने पोखरलेला किंवा ताडपत्रीतून गळलेल्या पावसात भिजून पुन्हा सुकलेला मका खाद्य म्हणून खपून जातो. ट्रेमध्ये मात्र तोच मका सडतो. विकणाऱ्याने फसवले असे यात बहुधा काही नसते. आपण वस्तू एका कामाची घेतो आणि दुसऱ्या कामाला लावतो.

याच्या उलट टोकाची चूक पेरणीचे पाकीटबंद बियाणे वापरण्याची आहे. त्याची उगवण उत्तम असते, पण त्यावर बुरशीनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा लेप असतो. गुलाबी, लाल, हिरवा किंवा निळा रंग चढवलेला दाणा चाऱ्यासाठी कधीही वापरू नये, तो कितीही धुतला तरी नाही. सात-आठ दिवसांत दाणा, मूळ आणि कोंब असे सर्वच जनावराच्या पोटात जात असल्याने लेपातील औषधही त्याच्याबरोबर जाते.

दाण्याची परीक्षा अशी करावी. पोत्याच्या तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी हात घालून मूठमूठ दाणे काढावेत आणि ते एकत्र करून त्यांतून प्रत्येकी १०० दाण्यांचे दोन गट मोजावेत. एक गट जसाच्या तसा ओल्या सुती फडक्यात गुंडाळावा. दुसरा गट पुढे सांगितलेल्या पद्धतीने ब्लीचच्या पाण्यात धुऊन दुसऱ्या फडक्यात गुंडाळावा. दोन्ही गुंडाळ्या सावलीत ठेवून फडके ओलसर राखावे आणि चौथ्या दिवशी उघडावे. आता दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे मोड किती आले. १०० पैकी ८५ किंवा अधिक दाणे रुजले तर मका ट्रेसाठी योग्य. ७५ ते ८५ असतील तर तरंगणारे दाणे काढून आणि थर पातळ ठेवून कोरड्या दिवसांत चालवता येईल, पावसात नको. त्याहून कमी असतील तर तो ट्रेमध्ये घालूच नये. दुसरी गोष्ट म्हणजे बुरशी कोणत्या गुंडाळीत आहे. न धुतलेल्या गटाला बुरशी आणि धुतलेला गट स्वच्छ असेल, तर बुरशी दाण्याच्या पृष्ठभागावर आहे आणि नीट धुण्याने काम भागेल. दोन्ही गटांना सारखीच बुरशी असेल, तर ती दाण्याच्या आत आहे. फ्युजेरियमसारख्या बुरशा शेतातच कणसात शिरून दाण्याच्या आत राहतात आणि कोणतेही धुणे तिथे पोहोचत नाही. ते पोते परत करावे किंवा बाजूला ठेवावे. उगवण कमी असूनही मका कोरडा, बुरशीविरहित आणि वासाने चांगला असेल तर त्याचा भरडा करून घालता येतो, पण आतून बुरशी निघालेल्या मक्याचा भरडाही घालू नये.

साठवणही इथेच तपासावी. मक्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या आत असावा. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा पुरेशी आहे: कढईत भाजून पूर्ण कोरडे केलेले दोन-तीन चमचे मीठ कोरड्या काचेच्या बाटलीत घालावे, बाटली एक-तृतीयांश भरेल इतका मका त्यात टाकावा, काही मिनिटे हलवून पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे आणि असा मका पोत्यातच बुरशी धरतो. मीठ आधी भाजण्याची सूचना गोव्यातील पावसासाठी महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे जुलैमध्ये बरणीतले मीठही ओलेच असते. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढाच मका आणावा.

भिजवणे आणि धुणे

मका मोठ्या टपात ओतून भरपूर पाण्यात ढवळावा आणि वर तरंगणारे दाणे, तुकडे, तूस सर्व काढून टाकावे. तरंगणारा दाणा पोकळ किंवा किडका असतो आणि तो रुजणार नाही. हे पाणी नितळ होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार वेळा बदलावे. त्यानंतर निर्जंतुकीकरण: घरगुती द्रव ब्लीचमध्ये ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असल्यास एक लिटर पाण्याला २५ मिली या प्रमाणात ते मिसळावे, मका अर्धा तास त्यात ठेवावा आणि मग वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावा. विहिरीत टाकण्याची ब्लीचिंग पावडर मी सुचवत नाही, कारण उघडी राहिल्यावर तिची ताकद कमी होते आणि प्रमाण ठरवता येत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय धुण्याचे आम्ल मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

भिजवण्याला साधारण १२ तास पुरतात आणि मध्ये एकदा पाणी बदलावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर भिजवलेल्या मक्याचे पाणी सकाळी फेसाळलेले दिसते. तो दाणा ट्रेत जाण्याआधीच आंबलेला असतो, म्हणून त्या दिवसांत वेळ आणखी कमी करावी.

मोड येण्यासाठी मका ज्या गोणपाटात बांधला जातो ते गोणपाट मात्र फार कमीजण पाहतात. तेच ओले पोते फेरीमागून फेरी वापरले जाते आणि पावसाळ्यात ते कधीच सुकत नाही. दाणा, पाणी, ट्रे सर्व स्वच्छ असताना बुरशी येत राहिली आणि शेवटी कारण त्या पोत्यात सापडले, असे वारंवार घडते. प्रत्येक फेरीनंतर गोणपाट दहा मिनिटे उकळावे आणि पूर्ण सुकवावे. दोन-तीन पोती आलटून पालटून वापरावीत.

थराची जाडी आणि पाण्याचा निचरा

ट्रेमध्ये दाणा जास्त घातला की चारा जास्त मिळेल, हा समज सोडावा. मक्यासाठी चौरस मीटरला सुमारे साडेसहा ते साडेसात किलो कोरडा दाणा हे प्रमाण ठीक आहे, म्हणजे तीन फूट बाय एक फूट ट्रेला पावणेदोन ते दोन किलो. पावसाळ्यात मी दीड किलोवर थांबायला सांगतो. रुजणारा दाणा श्वसन करतो आणि उष्णता सोडतो. थर जाड झाला की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही, ते गुदमरून मरतात, आणि त्यांची उष्णता बाहेर न पडल्याने बुरशीला हवी तशी ऊब तयार होते.

निचरा पाहण्यासाठी मोड असलेल्या ट्रेत तांब्याभर पाणी ओतावे आणि पाच मिनिटांनी ट्रे थोडा उचलून दाण्यांखाली बोट घालावे. पाण्याचे डबके लागले, तर छिद्रे तुसाने किंवा मागच्या फेरीतील मुळांनी बुजली आहेत अथवा उतार चुकला आहे. तीन फुटांना एक-दीड इंच उतार पुरतो. पोफळीच्या किंवा बांबूच्या खांबांवर केलेली मांडणी पावसाळ्यात जमिनीत खचते आणि उतार उलटा होतो. म्हणून जूनमध्ये एकदा लेव्हल लावून पाहावी. वरच्या ट्रेचे पाणी खालच्या ट्रेवर ठिबकू न देता पन्हळीतून बाहेर न्यावे.

पाणी आणि टायमर

उन्हाळ्यात तासा-दोन तासांनी फॉगर चालवण्यासाठी लावलेला टायमर पाऊस सुरू झाल्यावर तसाच राहतो. शेतकऱ्याला फोनवर मी विचारतो तो पहिला प्रश्न हाच असतो आणि पुष्कळदा भेटीची गरजच उरत नाही. जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की ट्रेमधले पाणी उडत नाही. त्या दिवसांत दिवसाला चार-पाच वेळा थोडे पाणी पुरते, आणि रात्री बहुधा लागत नाही. घड्याळापेक्षा गालिच्याकडे पाहून ठरवावे: मुळे ओलसर चमकली पाहिजेत, पण मूठभर गालिचा दाबल्यावर धार लागता कामा नये.

ट्रेखाली जमलेले पाणी पुन्हा टाकीत घालून फिरवू नये. एका ट्रेची बुरशी त्यामार्गे सगळीकडे जाते. ते पाणी कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) केळीला किंवा माडाला सोडावे. टाकी झाकलेली असावी आणि तिच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवून बुळबुळीत थर लागतो का ते दर आठवड्याला पाहावे.

पाण्याचा गुण कमी वेळा दोषी असतो, तरी दोन ठिकाणी तो असतो. खाजन जमिनींच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या) आणि खाडीच्या जवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खारटतात आणि खारट पाण्यात मका नीट रुजत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, काही शे रुपयांच्या टीडीएस मीटरने पावसाळ्यातील आणि मेमधील आकडा ताडून पाहिला की हे कळते. लोहयुक्त पाण्याने फॉगरच्या तोंडात तांबूस गाळ बसतो आणि फवारा एका बाजूलाच पडतो. नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावेत, स्वच्छ धुवावेत आणि टाकीनंतर बारीक जाळीचा फिल्टर बसवावा.

ट्रे आणि मांडणी

प्रत्येक फेरीनंतर ट्रे ब्रशने घासून, छिद्रांतील मुळे काडीने काढून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून पूर्ण सुकवावा. पावसात ऊन नसते, म्हणून एकूण ट्रेंच्या एक-तृतीयांश जादा ट्रे ठेवणे हा खर्च मला योग्य वाटतो. ओला ट्रे लगेच भरण्याची वेळ त्यामुळे येत नाही. बांबूच्या पट्ट्यांची मांडणी आतून ओल धरते आणि ती निर्जंतुक करणे जवळजवळ अशक्य असते. शक्य झाल्यास गॅल्व्हनाइज्ड पाइपवर यावे.

हवा आणि उष्णता

इथपर्यंतच्या तपासण्या फुकट किंवा अगदी स्वस्त होत्या. त्या सर्व करून चांगल्या दाण्याची एक पूर्ण फेरी घेतल्याशिवाय पुढचा खर्च करू नये.

मक्याच्या चाऱ्याला साधारण २० ते २७ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत गोव्यात कमाल तापमान २९ अंशांच्या आसपास असते, पण आर्द्रता कितीतरी वेळा ९० टक्क्यांवर जाते. मेमध्ये उलट तापमान ३३ अंशांपलीकडे चढते. म्हणजे दोन ऋतूंत दोष वेगळा आणि उपायही वेगळा. तीन-चारशे रुपयांचा तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मधल्या फळीवर टांगावा आणि दोन-तीन दिवस सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे लिहावेत. पावसाळ्यात आर्द्रता सतत ९० च्या वर असेल तर एका भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि समोरच्या भिंतीत खाली जाळी लावलेले तोंड ठेवावे. हवा मांडणीतून आरपार गेली पाहिजे. कोपऱ्यात उभा केलेला टेबलफॅन पुढच्या ट्रेचे कोंब सुकवतो आणि मागच्या ट्रेना काहीच देत नाही. चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद केलेल्या शेडचे प्लास्टिक छपराखाली फूटभर उघडल्यानेच पुष्कळ फरक पडतो. मेमध्ये पत्र्यावर नारळाच्या झावळ्या किंवा शेडनेटचा दुसरा थर टाकावा आणि सर्वांत वरची फळी रिकामी ठेवावी.

एसीबद्दल मला बऱ्याचदा विचारले जाते. लहान दूध उत्पादकाला तो परवडत नाही असे माझे मत आहे, कारण हा चारा बहुतांशी पाणी आहे. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो ओला चारा होतो, पण त्यातील शुष्क पदार्थ मूळ दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो. त्यावर विजेचे बिल चढवले की हिशेब बसत नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात फेरी आठवरून सहा-सात दिवसांवर आणावी, कारण शेवटच्या दोन दिवसांतच बुरशी झपाट्याने वाढते. ज्यांच्याकडे बांधावर गवत किंवा संकरित नेपियर उभे आहे त्यांनी मिरगापासून गणेश चवथीपर्यंत मांडणी बंदच ठेवावी, असे मी स्पष्ट सांगतो. हिरवा चारा बाहेर फुकट असताना ट्रेमध्ये बुरशीशी झुंजण्यात अर्थ नाही.

औषध फवारू नये

कुळागर असलेल्या घरी पावसाळ्यात पोफळीच्या कोळरोगासाठी मोरचूद आणि चुना असतोच, पंपही असतो, आणि ट्रेवर बुरशी दिसली की हात तिकडे वळतो. बोर्डो मिश्रण, कार्बेन्डाझिम किंवा दुसरे कोणतेही बुरशीनाशक उगवत्या चाऱ्यावर मारू नये. शेतातील पिकाला फवारणी आणि काढणी यांत जे अंतर ठेवतात ते अंतर या सात दिवसांच्या चाऱ्यात मिळतच नाही, आणि अवशेष गुरांच्या पोटात व तिथून दुधात जाऊ शकतात. तांबे शेळ्या-मेंढ्यांना, त्यांतही मेंढ्यांना, विशेष घातक आहे. औषध फवारलेला पंप ट्रेला पाणी मारण्यासाठीही वापरू नये.

स्वतःचे प्रयत्न कुठे थांबवावेत

जनावर थरथरत असेल, मागचे पाय ओढत असेल, लाळ गाळत असेल, रवंथ थांबला असेल, जुलाब लागले असतील, गाभण गाय गाभडली असेल किंवा दूध एकाएकी घटले असेल, तर शेडमधील तपासणी त्याच क्षणी थांबवून सर्व गुरांचा ट्रेमधला चारा बंद करावा आणि तालुक्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. थरथरणाऱ्या जनावराला चालवत नेऊ नये. डॉक्टरांना गोठ्यावर बोलवावे. गेल्या काही दिवसांत कोणता चारा किती घातला हे त्यांना न लपवता सांगावे आणि त्या जनावराच्या दुधाविषयी त्यांचा सल्ला मिळेपर्यंत ते दूध घरी किंवा सोसायटीत देऊ नये.

ओल्या शेडमध्ये मोटर, पंखा किंवा टायमरला हात लावताना झिणझिण्या आल्या, फ्यूज वारंवार उडू लागला किंवा जोडणीतून जळका वास आला, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे. फॉगरच्या शेडला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि अर्थिंग असलेच पाहिजे. हे काम शेजारच्या हुशार मुलाकडून करून घेऊ नये.

आणि तिसरा प्रसंग: ८५ च्या वर उगवण असलेला, नीट धुतलेला मका, पातळ थर, मोकळा निचरा, सुकवलेले ट्रे आणि फिरती हवा असूनही सलग तीन फेऱ्यांत बुरशी आली, तर नजरेने होणारे निदान संपले असे समजावे. मग नमुना तज्ज्ञाला दाखवावा. उत्तर गोव्यातील शेतकऱ्यांना जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्र आणि त्याच परिसरातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, आणि दक्षिणेकडच्यांना मडगावचे कृषी विज्ञान केंद्र सोयीचे आहे. जाताना बुरशी लागलेल्या गालिच्याचा तळहाताएवढा तुकडा कागदी पिशवीत न्यावा. प्लास्टिकमध्ये तो वाटेतच सडतो आणि मूळ बुरशी ओळखता येत नाही. त्याच पोत्यातील अर्धा किलो कोरडा मका, स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी, डागांचा नकाशा आणि मीटरवरील आकड्यांची वही सोबत असावी. नमुना शक्यतो सकाळी काढून त्याच दिवशी पोहोचवावा, आणि निघण्याआधी केंद्रात फोन करून संबंधित तज्ज्ञ हजर आहेत याची खात्री करून घ्यावी.